ओटीवर नाटक टांगायचं तर

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की लंडनमधे दोनशे वर्षांपूर्वी एक गॅलरी होती, तिच्यात फक्त शेक्सपिअरच्या नाटकांतल्या प्रसंगांची चित्रं लावलेली, आणि ती शेवटी लॉटरीत गेली. झालं. एवढ्यावरून इतकी पत्रं आलीत की गणपतीच्या आरासीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, त्या वाचकांनी रागावू नये, चतुर्थीला अजून वेळ आहे.

प्रश्न : ताई, गॅलरी लॉटरीत गेली म्हंजे नेमकं काय झालं? आमच्याकडे जत्रेत लॉटरीला कुकर लागतो, फार तर सायकल. अख्खी गॅलरी कुणाला कशी लागेल? — एक वाचक, मालवण

लागली खरी, आणि ज्याला लागली त्याने चार महिन्यांच्या आत विकून पण टाकली. पण आधी माणूस कोण ते बघा. जॉन बॉयडेल, जन्म १७२०चा. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरायची, कागदावर छाप घ्यायचा, हा त्याचा मूळ धंदा. स्वतः कोरण्यात तो काही फार थोर नव्हता पण दुसऱ्याकडून कोरून घेऊन विकण्यात बाप माणूस होता. इंग्लंड पूर्वी फ्रान्सकडून प्रिंट मागवायचं, ह्याने ती गंगा उलटी वळवली आणि त्यावर इतका वर आला की १७९० मधे लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

तर १७८६ च्या नोव्हेंबरात पुतण्याच्या घरी जेवायला मंडळी जमलेली, त्यात चित्रकार होते, एक पुस्तकविक्रेता होता, आणि विषय निघाला की इंग्रज चित्रकार म्हणजे पोर्ट्रेटवाले, भव्य प्रसंग काढणं त्यांना जमत नाही असं बाहेरचे लोक म्हणतात. मग काढा की शेक्सपिअर! तिथल्या तिथे बेत ठरला. मोठमोठ्या चित्रकारांकडून नाटकांतले प्रसंग रंगवून घ्यायचे, ते गॅलरीत लावायचे, त्यावरून प्रिंट कोरून घ्यायच्या आणि त्या प्रिंट नि सचित्र शेक्सपिअर असं दोन्ही वर्गणीदारांना विकायचं. ४ मे १७८९ ला पॅल मॅल रस्त्यावर ५२ नंबरला खास बांधून घेतलेल्या इमारतीत ३४ चित्रांनिशी गॅलरी उघडली, तिकीट एक शिलिंग. वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत चित्रं आणि खाली प्रिंटचं दुकान. हे खालचं दुकान लक्षात ठेवा, सगळी गोम तिथे आहे, कारण वरची गॅलरी म्हंजे खरं तर खालच्या दुकानाची पाटी होती.

सुरुवातीला गर्दी झाली, वाहवा झाली, टिंगलही झाली. जेम्स गिलरे नावाचा व्यंगचित्रकार होता, त्याला बॉयडेलने कोरण्याचं काम दिलं नव्हतं म्हणे, त्याने त्याच साली एक चित्र काढलं की बॉयडेल शेक्सपिअरच्या नाटकांची होळी करतोय लोभाच्या देवतेपुढे, ती बसलीय पैशाच्या थैल्या कवटाळून. काम नाकारलेल्या माणसाने इतकं चांगलं चित्र काढावं हे बॉयडेलचं दुर्दैवच म्हणायचं.

आता घात कसा झाला. गॅलरी उघडून अडीच महिने होत नाहीत तर पॅरिसमधे बॅस्टिलचा तुरुंग पडला, फ्रेंच राज्यक्रांती पेटली, १७९३ पासून इंग्लंड फ्रान्सची लढाई सुरू, आणि बॉयडेलचं गिऱ्हाईक तर सगळं युरोपभर पसरलेलं, तो रस्ताच बंद. इकडे चित्रकारांना पैसे देऊन झालेले, पत्रे कोरायला टाकलेले, आणि मोठा पत्रा रेघारेघांनी कोरायचा तर महिनेच्या महिने जातात, कधी वर्षं. मग वेळ वाचवायला बरेच पत्रे ठिपक्याठिपक्यांच्या पद्धतीने करून घेतले, ते लवकर होतात. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत ते वाट बघून कंटाळले, आणि प्रिंटचा एक हप्ता हातात पडला की एक प्रिंट रेघांची एक ठिपक्यांची बघून करवादायला लागले. चित्रं मात्र वाढतच होती, ३४ ची पुढे १६० च्या वर गेली. वाढत्या भिंती आणि आटता गल्ला.

१८०४ मधे म्हातारा ८४ वर्षांचा, डोक्यावर कर्ज, पार्लमेंटकडे गेला आणि लॉटरी काढायची परवानगी मागितली, त्यासाठी कायदा करावा लागला. २२,००० तिकिटं, एकाची किंमत ३ गिनी, गिनी म्हंजे पौंडाहून एक शिलिंग जास्त. प्रत्येक तिकिटावर निदान एक गिनीची प्रिंट नक्की मिळणार, त्यामुळे कोणी अगदीच रिकाम्या हाताने जाणार नव्हतं, आणि सगळ्यात मोठं बक्षीस म्हंजे गॅलरी. तिकिटं सगळी खपली. देणी फिटायची सोय झाली आणि डिसेंबरात बॉयडेल गेला. सोडत निघाली २८ जानेवारी १८०५ ला.

लागली विल्यम टॅसी नावाच्या माणसाला, रत्नांवरच्या कोरीव कामाच्या प्रतिकृती करायचा त्याचा व्यवसाय. बॉयडेलचा पुतण्या म्हणाला १०,००० पौंड घे आणि गॅलरी परत दे. हा म्हणाला छे. मे महिन्यात क्रिस्टीज ह्या लिलावघरात लिलाव केला, हातात आले ६,१८१ पौंड आणि वर काही शिलिंग. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला, पण गुंतवलेले ३ गिनी बघता त्याच्यासाठी रडायचं कारण नाही. चित्रं फुटली चारी दिशांना, इमारतही १८६८ मधे पाडली.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. 'राजा लिअर' मराठीत आणणारे विंदा करंदीकर आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे त्या नाटकाबद्दल माझी जरा जास्त माया. एका पुस्तकात चित्र बघितलं होतं, पांढरे केस वाऱ्यावर उडालेला लिअर आणि त्याच्या हातांवर मेलेली त्याची लेक कॉर्डेलिया. ते ह्याच गॅलरीतलं का? आणि चित्रकार रंगमंचावर बघून काढायचे की पुस्तक वाचून? — एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, ते जेम्स बॅरीचं चित्र असणार, १७८६ ते ८८ मधलं, ह्याच गॅलरीसाठी काढलेलं, आता लंडनच्या टेट गॅलरीत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्याच चित्रात आहे आणि मला स्वतःला ते कळलं तेव्हा मी चहा गार होईपर्यंत विचार करत बसले होते.

बॅरीने ते चित्र काढलं त्या काळात लंडनच्या रंगभूमीवर कॉर्डेलिया मरतच नव्हती! १६८१ मधे नेहम टेट नावाच्या नाटककाराने लिअरचा शेवट बदलून गोड करून टाकला होता, लिअरला राज्य परत मिळतं, कॉर्डेलियाचं एडगरशी जमतं, आणि तो विदूषक तर नाटकातून काढूनच टाकलेला. लोकांना तेच आवडलं, दीडशे वर्षं तेच चालू राहिलं. शोकांत शेवट रंगमंचावर परत आला तो १८२३ मधे एडमंड कीन ह्या नटाने आणला तेव्हा, आणि विदूषकासकट मूळ नाटक १८३८ मधे मॅक्रेडी ह्या दुसऱ्या नटाने. म्हंजे बघा, १७८९ मधे एक शिलिंग देऊन वर गेलेल्या माणसाला भिंतीवर जो प्रसंग दिसत होता तो त्याने, त्याच्या बापाने, आजाने, कोणीच थेटरात बघितलेला नव्हता. तो फक्त पुस्तकात होता. चित्रकाराने नाटकवाल्यांना वळसा घालून थेट नाटककाराचं घर गाठलं.

म्हणून मला 'नाटकातल्या प्रसंगाचं चित्र' आणि 'प्रयोगाचं चित्र' ह्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आपण त्या कायम एकात एक मिसळतो. प्रयोगाचं चित्र म्हंजे हॉगर्थ नावाच्या चित्रकाराने १७४५ च्या सुमारास काढलेला तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतला नट डेव्हिड गॅरिक, झोपेतून दचकून उठलेला, पंजा पसरलेला, तिथे आधी गॅरिक दिसतो मग रिचर्ड. बॉयडेलला हे नको होतं. त्याच्या भिंतीवर नट नव्हते, पात्रं होती.

पण पुस्तक वाचून काढलं की दुसरी भानगड होते. जोशुआ रेनॉल्ड्स, त्या काळातला सगळ्यात वजनदार चित्रकार, आधी तयारच होईना, मग तीन चित्रं दिली. त्यातलं एक सहाव्या हेन्रीच्या नाटकातलं, कार्डिनल बोफर्टचा मृत्यू. तिथे राजा देवाला विनवतो की ह्या पाप्याच्या जिवाला वेढा घालून बसलेल्या सैतानाला हाकल. आता ही बोलण्याची रीत झाली, आपण नाही का म्हणत त्याच्या मानगुटीवर भूत बसलंय. रेनॉल्ड्सने काय करावं, उशीजवळ खरंच एक दात विचकणारं भूत रंगवलं! टीकाकार तुटून पडले. पुढे ते भूत वार्निशाच्या आणि नंतरच्या रंगाच्या थरांखाली दिसेनासंच झालं, आणि २०२३ मधे इंग्लंडातल्या पेटवर्थ हाऊसमधलं ते चित्र साफ केलं तेव्हा अंधारातून ते परत वर आलं.

माझं मत विचाराल तर मी भुताच्या बाजूची. आपण दशावतार बघून मोठे झालेलो, आपल्याकडे संकासुर नुसत्या शब्दांत येत नाही, काळे कपडे घालून, लाल जीभ लोंबत समोर नाचतो आणि पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदराखाली जातात. टीकाकारांना एखाद्या जत्रेला आणायला हवं होतं.

प्रश्न : हे सगळं आपल्या पिंगुळीत आधीपासून नाही का? उगाच लंडनचं कौतुक कशाला. — एक वाचक, सावंतवाडी

आहे ना. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हंजे कागदावर रंगवलेले रामायण महाभारतातले प्रसंग, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा सुट्या पानांच्या गठ्ठ्याला म्हणायचं पोथी. एक पान उभं धरायचं, वीणा झांज हुडूकच्या साथीवर तेवढी गोष्ट गायची, की पुढचं पान. परशुराम गंगावण्यांनी तिथे घरच्या गोठ्याच्या जागेत म्युझियम केलंय, २०२१ मधे त्यांना पद्मश्री मिळाली, अजून गेला नसाल तर सावंतवाडीपासून असं किती लांब आहे, जाऊन या.

पण लंडनच्या चित्रापेक्षा हे उलटं आहे हे लक्षात घ्या. चित्रकथीचं पान भिंतीवर टांगलं की अर्धं मुकं होतं, त्याला गाणारा माणूस लागतो, पान उलटणारा हात लागतो. बॉयडेलच्या गॅलरीत चित्र बोललं नाही तर लोक खिशातून छापील कॅटलॉग काढायचे आणि त्यात नाटकातला तो उतारा वाचायचे. मला विचाराल तर गाणारा माणूस बरा.

प्रश्न : ताई, कुडाळजवळ आमचं जुनं चौसोपी घर आहे. मुलगा मुंबईत आर्ट स्कूलला शिकला, आता म्हणतो गावीच राहणार आणि ओटी नि माजघरात दशावतारी नाटकांतल्या प्रसंगांची चाळीस मोठी ऑइल पेंटिंग लावून गॅलरी करणार, पर्यटक येतील. ह्यांचं म्हणणं आहे की पोराला वेड लागलंय. सासूबाई मालवणीत काय म्हणतात ते लिहीत नाही. तुमचा तो बॉयडेल वाचल्यापासून मलाच धाकधूक वाटतेय. काय करू? — एक आई

तुमच्या मुलाला आधी शाब्बास सांगा, गावी परत येणारं पोर आजकाल कुठे मिळतं. आता धाकधुकीचं.

चाळीस नको. बॉयडेल चित्रांनी नाही बुडाला, चित्रं आधी आणि गिऱ्हाईक नंतर ह्या क्रमाने बुडाला, आणि एका चित्राची प्रिंट हातात यायला वर्षं लागली म्हणून बुडाला. आपल्याकडेही हेच झालंय. राजा रविवर्म्याने १८९४ मधे मुंबईत छापखाना काढला, नंतर तो मळवलीला नेला, कोकणातल्या कुठल्याही जुन्या ओटीवर बघा त्या लक्ष्मी नि सरस्वती अजून असतात, घराघरात पोचला बिचारा, पण छापखाना तोट्यात आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. नाव आणि गल्ला ह्यांची गाठ पडेलच असं नाही.

ह्याच्या उलट गंमत ऐका. बॉयडेल लंडनमधे हप्ते जुळवत होता त्याच काळात, १७९४ च्या मध्यापासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत, जपानच्या एडो शहरात, म्हंजे आताचं टोकियो, शाराकू नावाचा कोणी चित्रकार काबुकीच्या, म्हंजे तिथल्या नाटकांच्या, नटांची चित्रं काढत होता. लाकडी ठशांवर छापायची, हे नाटक आत्ता चालू आहे तर त्याचं चित्र आत्ताच बाजारात. दहाएक महिन्यांत एकशेचाळीसच्या वर चित्रं, आणि मग हा माणूस जो गायब झाला तो झाला. त्याच्या काळात तोही फार चालला असं नाही, पण त्या धंद्याची रीत बघा, लहान कागद, परवडणारी किंमत, आणि काल रात्री बघितलेल्या नटाचा चेहरा.

तर मुलाला म्हणावं आठ चित्रं कर. आणि प्रिंट पहिल्या दिवसापासून ठेव, पोस्टकार्डाच्या आकाराची पण ठेव, माणूस तारकर्लीला समुद्र बघून परत जाताना पाच फुटी ऑइल गाडीच्या टपावर बांधून नेत नाही.

आता काय काढायचं, इथे जरा सबुरीने. दशावताराला लिखित संहिता नाही, कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात, म्हणजे 'पुस्तक वाचून' काढायची सोयच नाही, बॉयडेलचा मार्ग तुमच्या मुलाला बंद. आणि ते बरंच आहे. नाहीतर होईल काय, कॅलेंडरवरचा कृष्ण आणि टीव्हीवरचा अर्जुन, मागे संगमरवरी महाल. दशावतारात महाल कुठे असतो? एक लाकडी बाकडं असतं. त्याच्यावर राजा बसला की ते सिंहासन, देव बसला की कैलास, आणि मारामारीत कोणी त्याच्यावर पाय ठेवून उभा राहिला की डोंगर. ते बाकडं रंगवायला सांगा. त्याचा एक पाय जरा आखूड असतो आणि खाली चिऱ्याचा कपचा सारलेला असतो, तो पण.

मी मुलाच्या जागी असते तर जत्रेच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी देवळामागच्या पडवीत जाऊन बसले असते. तिथे प्रत्येक नट आपापला पेटारा उघडून, हातभर आरसा टेकवून, आपला रंग आपणच लावत असतो. स्त्रीपार्टी करणारा नट लुगडं नेसून, कुंकू लावून, तोंडात विडी, समोरच्याला विचारत असतो शेवटची गाडी किती वाजता. अर्धा चेहरा द्रौपदी आणि अर्धा तो. कुठल्या गॅलरीत आहे हे? लंडनला तर नव्हतंच. फक्त फोटो काढण्याआधी आणि चित्र काढून विकण्याआधी त्या नटांना आणि कंपनीच्या मालकाला विचारायचं, विकलं तर त्यांचा वाटा द्यायचा, हे मी सांगायला नको पण सांगते.

आणि चित्रकथीवरून धडा घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या म्हाताऱ्या नटाला ओटीवर बसवा, पायपेटी असली तर उत्तम, आणि त्याने चित्रापुढे उभं राहून तो प्रसंग म्हणायचा. तिकीट त्याचं लावा. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा, मालवणीतलं बोलणं आपोआप बदलेल.

प्रश्न : लंडनच्या गॅलरीतली मूळ चित्रं आता बघायला मिळतात का? — एक कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी

थोडीच टिकलीत. बॅरीचा लिअर आणि फ्युसेली नावाच्या चित्रकाराची परीराणी टायटानिया नि गाढवाच्या डोक्याचा बॉटम टेटमधे, बेंजामिन वेस्टचा वादळातला लिअर बॉस्टनला, काही वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत. म्युझियमांच्या वेबसाइटवर मोठी करून बघता येतात, फ्युसेलीच्या चित्रात कोपऱ्याकोपऱ्यात काय काय लपलंय ते नक्की बघ, एका छोट्या बुटक्याला दोरी बांधून कुत्र्यासारखा धरलाय.

प्रश्न : कुडाळच्याच घरातून परत एक. कोकणातल्या पावसात ऑइल पेंटिंग टिकतात का? — तीच आई (मुलाने विचारायला सांगितलं)

टिकतात, नीट ठेवली तर. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे आणि चिऱ्याची भिंत पाणी पिते, म्हणून पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला चित्र लावूच नका, आतल्या भिंतीला लावा आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हंजे मधून वारा खेळेल. पावसाळ्यात नवीन ऑइल रंगवायला घेऊ नका, वाळता वाळत नाही. कागदावरची प्रिंट काचेला चिकटून नको, मधे माउंटची जाड पट्टी हवी. वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी फ्रेम उचलून मागे बघायचं, हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

आणि प्लॅस्टिकमधे गुंडाळून पोटमाळ्यावर टाकू नका. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा एक जुना पडदा होता, कुरुसभेचा, माझ्या काकांनी रंगवलेला, मागे खांब खांब खांब आणि पुढे मान खाली घातलेले पाच पांडव. मी मोठ्या शहाणपणाने मे महिन्यात तो प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधला, गाठी मारल्या, वर टाकला, पाणी कुठून जाईल म्हटलं. पाणी बाहेरून गेलंच नाही, आतला दमट वारा आतच कोंडला. गणपतीत नाटकासाठी खाली काढला तर वास आला आणि युधिष्ठिराच्या गालांपासून हनुवटीपर्यंत काळी बुरशी, चांगली दाट. मी रडायच्या बेतात. काका तेव्हा ऐंशीच्या पुढचे, चष्मा पुसून जवळ गेले, बोटाने एक जागा चाचपली आणि म्हणाले, "ऱ्हवांदे गो, आता वनवासाक जावचा आसा, दाढी व्हयीच."